रंजनाच्या नावावरचा पोचा

ही गोष्ट मी आजवर निदान पन्नास वेळा सांगितली आहे, आणि एकदाही सांगितलेली नाही. कोडं घालतोय असं समजू नका. ऑफिसच्या सहलीत, भाच्याच्या साखरपुड्यात, सोसायटीच्या कोजागरीला — त्यातल्या एखाद्या घोळक्यात तुम्ही असाल तर तुम्हीही हसला असाल. आमच्या हिने आपण ठोकलेला माणूस शोधायला अख्खी खडकी पालथी घातली, ती गोष्ट. ती खरी आहे. फक्त तिच्या आधीचा अर्धा तास मी कापून टाकतो. तो अर्धा तास कुणालाच ठाऊक नाही — रंजनालासुद्धा नाही. रंजना म्हणजे माझी बायको. म्हणजे जिच्यावर तुम्ही हसलात ती.

आता तुम्ही म्हणाल, हा तर स्वतःचीच फजिती सांगत फिरणारा माणूस, याने काय लपवलं असणार? खरंय. इंडिकेटर समजून भर उन्हात वायपर सुरू करून मी संगमवाडीचा पूल ओलांडला, हे मीच सांगितलं. लायसन्सच्या परीक्षेत चढावर गाडी मागे घरंगळली आणि साहेबांनी खिडकीतून फक्त दोन बोटांनी ‘उतरा’ अशी खूण केली, हेही मीच सांगितलं. जो माणूस स्वतःवर इतकं हसतो तो खोटं कशाला बोलेल, असं लोकांना वाटतं. हे मला फार लवकर कळलं होतं. फार उपयोगी पडलं.

बारा वर्षांपूर्वी आम्ही पहिली गाडी घ्यायचं ठरवलं. आम्ही विश्रांतवाडीत, आणि रंजनाची आई खडकीत. दिलीप, म्हणजे रंजनाचा धाकटा भाऊ, दारूगोळ्याच्या कारखान्यात होता; त्याच्या क्वार्टरमध्ये सासूबाई राहायच्या. गुडघे पार गेलेले. स्कूटरवर बसणं बंद, रिक्षात चढायचं म्हणजे दोघांनी धरायचं. त्यांची एकच इच्छा होती — देहूरोडच्या विहारात एकदा जाऊन यायचं. लग्न होऊन आल्या तेव्हा वस्तीतल्या सगळ्यांबरोबर ट्रकमध्ये उभ्याने गेल्या होत्या, त्यानंतर जाणंच झालं नव्हतं. रंजनाने शब्द दिला होता. “आई, मी नेते तुला. मी चालवत नेते.” त्या वाक्यात ‘मी’ दोनदा होता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही असं म्हणणं सोयीचं आहे. आलं होतं.

गाडी शिकायला आम्ही एकाच क्लासला, एकाच गाडीत जायचो. सकाळी सहाला, धानोरी रस्त्याला. अर्धा तास ती, अर्धा तास मी. शिकवणारे सर कमी बोलणारे होते. पंधराव्या दिवशी म्हणाले, “मॅडम, तुम्ही सुटलात. साहेब, तुम्ही अजून आठ दिवस या.” मी तिथेच मोठ्याने हसलो. घरी येऊन समीक्षाला — आमची मुलगी, तेव्हा आठ वर्षांची — सरांची नक्कल करून दाखवली. ती खिदळली. मीही. रंजना मात्र म्हणाली, “अहो, त्यात काय, तुम्हालाही जमेल.” ती हसली असती तर बरं झालं असतं. समजूत घातली गेली की माझ्यासारख्या माणसाला ते जास्त लागतं.

मग गाडी बघणं. आमच्या खिशाला जुनीच परवडणार होती, त्यावर वाद नव्हता. वाद आकारावर होता. मला मागे डिकी असलेली लांब गाडी हवी होती. आमच्या सेक्शनमधल्या एकाने तशी घेतली होती, आणि तो दार लावताना जो आवाज यायचा तो मला आवडायचा. डिकीत आम्ही काय ठेवणार होतो? सासूबाईंची काठी? पण हवी होती. रंजनाचं गाडी बघणं वेगळंच. ती आत बसायची, सीट पुढे ओढायची, मान वळवून मागच्या काचेतून बघायची आणि विचारायची, मागचं किती दिसतं? मग उतरून सासूबाईंच्या गुडघ्यांच्या हिशेबाने पुढच्या सीटची उंची बघायची. सहा गाड्या तिने अशा नाकारल्या. एक एजंट मला बाजूला घेऊन म्हणाला, वहिनींना गाडी घ्यायची आहे की खुर्ची?

सातवी गाडी नारायण पेठेत मिळाली. निवृत्त मास्तरांची, छोटी, पांढरी, सात वर्षं वापरलेली. कुठेही ओरखडा नाही. मी माझ्या परीने व्यवहारी चेहरा करून विचारलं, कधी ठोकली वगैरे आहे का? मास्तर म्हणाले, “आत्तापर्यंत मी चालवत होतो. हा प्रश्न तुम्ही दोन महिन्यांनी स्वतःला विचारा.” मग चालवून बघायची वेळ आली. मी हात पुढे केला. मास्तरांनी आम्हा दोघांकडे नीट पाहिलं आणि किल्ली रंजनाच्या हातात दिली. का, ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

ती गल्ली तुम्ही पाहिली नाहीत. दोन्ही बाजूंना दुचाकी, मध्ये केळ्यांची हातगाडी, आणि गाडी काढायची ती उलटी. मी मागे उभा राहून गाडीच्या पाठीवर थाप मारत “येऊ दे, येऊ दे” म्हणत होतो — नवऱ्याने करायचं तेवढं एक काम मला येतं. तिला त्याची गरज नव्हती. एका दमात, कुठेही न थांबता, ती गाडी रस्त्यावर घेऊन गेली. केळीवाल्याने मान हलवली. मास्तर म्हणाले, “गाडी यांना देतो.” यांना. तुम्हाला, असं नाही म्हणाले.

तिथे मला काही झालं का? झालं. हसण्यावारी नेलं, पण झालं.

गाडी घरी आली. पुढचे दोन आठवडे कसे गेले ते सांगायलाच हवं, कारण त्यातच सगळं आहे. रंजना एका दवाखान्याच्या लॅबमध्ये कामाला होती. संध्याकाळी घरी आली की रोज अर्धा तास आळंदी रस्त्याला चक्कर मारायची, समीक्षाला मागे बसवून. मी शेजारी. परत आल्यावर पार्किंगमधल्या दोन खांबांच्या मध्ये गाडी उलटी लावायची, आणि वॉचमन खुर्चीवरून उठून बघायचा. त्याने माझंही एकदा पाहिलं. त्यानंतर मी चालवायला बसलो की तो आधी आपली सायकल हलवायचा.

म्हणून मी ठरवलं — कुणी नसताना सराव करायचा.

दुसरा शनिवार होता. मला सुट्टी, रंजना बसने कामावर गेलेली, समीक्षा शाळेत, वॉचमन पाण्याच्या टँकरपाशी. साडेअकराच्या सुमाराला मी खाली गेलो. गाडी बाहेर काढली. उलटी आत घेतली. पुन्हा काढली. दुसऱ्यांदा घेताना डावीकडचा खांब होता तिथेच होता, मी मात्र नव्हतो असायला हवं तिथे. आवाज मोठा झाला नाही. डब्याचं घट्ट झाकण दाबून बसवावं, एवढाच. उतरून पाहिलं तर डावीकडच्या मागच्या दाराला हाताच्या पंजाएवढा पोचा, आणि त्यावर खांबाचा पिवळा रंग.

एवढंच असतं तर ही गोष्ट मी त्याच संध्याकाळी चहाबरोबर सांगितली असती, नक्कल करून, आवाजासकट. खरंच सांगितली असती का? आता खात्री देता येत नाही. कारण मी पुढे काय केलं ते ऐका. मी वर गेलो, रंजनाची नेलपॉलिश काढायची बाटली आणि कापूस घेऊन खाली आलो, आणि दारावरचा पिवळा रंग पुसून काढला. टिपूससुद्धा ठेवला नाही. मग गाडी अशी लावली की डावी बाजू भिंतीकडे राहील. चुकून ठोकणारा माणूस एवढं नीटनेटकं काम करतो का?

संध्याकाळी सांगू, असं मनात होतं. पण रंजना आली ती घाईत. आज एकटीच आईकडे जाऊन येते म्हणाली. पहिल्यांदाच एकटी. ती उजवीकडून चढली, उजवीकडून बघून निघाली, आणि मी गॅलरीतून हात हलवला. परत आली तेव्हा तिचा चेहरा मी आमच्या लग्नातही पाहिला नव्हता तसा होता. खडकी बाजारातून, शनिवारच्या गर्दीतून, एकटी गेले, एकटी आले, अंधार पडल्यावर आईला शेजारी बसवून क्वार्टर्सना एक फेरी मारली. पुढच्या रविवारी देहूरोड. हे सगळं ती चप्पल न काढता दारातच सांगत होती. अशा वेळी कोण सांगेल? हा प्रश्न मी स्वतःला त्या रात्री विचारला, आणि त्याचं उत्तर मला आवडलं.

रविवारी सकाळी ती बादली आणि फडकं घेऊन गाडी धुवायला गेली. दहा मिनिटांत वर आली. हात ओले. दारातच उभी.

“अहो, काल माझ्याकडून गाडी कुठेतरी लागली.”

विचारत नव्हती. सांगत होती. तिने मनाशी ठरवूनही टाकलं होतं. मला फक्त दोन शब्द बोलायचे होते — मी ठोकली. त्याऐवजी मी उठलो, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, “होतं असं. नवीन आहेस. मनाला लावून घेऊ नकोस.”

मी तिला माफ केलं. माझ्या चुकीबद्दल, मोठ्या मनाने, मी तिला माफ केलं. आणि खरं सांगू? त्या क्षणी मला बरं वाटलं. पंधरा दिवसांनी पहिल्यांदाच तिला माझ्या समजुतीची गरज पडली होती.

इथवरच राहिलं असतं तरी ते खोटंच होतं, पण त्याला चार चाकं फुटली ती पुढे. रंजना खुर्चीत बसली आणि तिचा चेहरा उतरत गेला. खडकी बाजारात समोरून बस आली तेव्हा तिने गाडी डावीकडे घेतली होती. डावीकडे सायकलवर एक म्हातारे गृहस्थ होते — पांढरी टोपी, हॅंडलला पिशवी. नंतर आरशात ते दिसले नाहीत. पोचा डावीकडेच होता. मागच्या दारावर. “त्यांना लागलं असेल तर? आणि मी तशीच पुढे गेले असेन तर?”

आम्ही स्कूटरवरून खडकीला गेलो. हो, मी गेलो. मीच चालवत नेलं. हाच तो भाग, ज्यावर तुम्ही हसता. चहाच्या टपरीवर, फुलवाल्याकडे, पंक्चरच्या दुकानात ती विचारत होती — काल संध्याकाळी इथे पांढऱ्या गाडीने कुणाला धक्का दिला का? आणि तिच्या मागे उभा राहून मीही विचारत होतो. टोपी, पिशवी, वय साधारण सत्तर. मी न पाहिलेल्या माणसाचं वर्णन करत होतो, मी पाहिलेल्या खांबाबद्दल गप्प राहून. चहावाला म्हणाला, “ताई, इथे ठोकणारे पळून जातात. ठोकलेल्याला शोधत आलेल्या तुम्ही पहिल्याच.” सगळे हसले. मीही हसलो. ही गोष्ट सांगायला चांगली आहे, हे माझ्या डोक्यात तिथेच आलं. तिथेच. ती रडवेली होऊन उभी असताना.

पंक्चरवाला मात्र हसला नाही. म्हणाला, असे एक आजोबा रोज सकाळी हवा भरायला येतात, आज आले नाहीत.

त्यानंतरचे चार दिवस. ती सरकारी दवाखान्यात जाऊन विचारून आली. रोज सकाळी आधी बसने खडकीला, पंक्चरच्या दुकानापुढे तासभर उभी, मग कामावर. रात्री जेवताना घास हातात तसाच. दिलीप चिडला, अगं ताई वेडी झालीस का म्हणाला. मी दिलीपला गप्प केलं — तिच्या मनाचं बघ जरा, असं म्हणालो. एक वाक्य बोललो असतो तर ते चार दिवस संपले असते. मी त्याऐवजी तिला पाणी आणून देत होतो, कुकर लावत होतो. शेजारच्या काकू म्हणाल्या, नशीब काढलंस हो रंजना.

गुरुवारी आजोबा आले. लेकीकडे दौंडला गेले होते. रंजनाने त्यांना सगळं विचारलं — कुठे लागलं का, पडलात का, घाबरलात का. ते म्हणाले, “बाई, मला कुणी धक्का दिला नाही. पण तुम्ही एवढं विचारताय तर आता कंबर दुखायला लागली.” इथे तुमचं हसणं सगळ्यात मोठं असतं. मी इथे थांबतो. पुढचं कधी सांगत नाही.

पुढचं असं, की मला वाटलं सुटलो. आजोबा धडधाकट, विषय संपला. पण त्या रात्री रंजनाने गाडीची किल्ली आणून माझ्यापुढे ठेवली.

“ठोकलं त्याचं नाही, अहो. मला कळलंसुद्धा नाही, त्याचं. उद्या कुणाचं पोर असेल. मला कळायचं नाही.”

ती बरोबर बोलत होती. एवढा पोचा पडून ज्याला पत्ता लागत नाही, त्याने गाडी चालवू नये. फक्त पत्ता लागायला काही घडायला हवं होतं ना! तिच्या हातून काही घडलंच नव्हतं, म्हणून तिला कळलं नव्हतं. मी म्हणालो, काही दिवस जाऊ दे, बघू. किल्ली उचलली.

पोचा काढून घेऊ म्हटलं तर तिने नको म्हटलं. राहू दे, म्हणाली, मला दिसत राहील. गाडी पाच वर्षांनी विकेपर्यंत तो तसाच होता. मी रोज त्याच्यावरून फडकं फिरवायचो.

देहूरोडला गेलो तो रविवार मी सगळ्यात जास्त टाळतो. मी चालवत होतो. सासूबाई गुडघ्यांमुळे पुढे, माझ्या शेजारी, रंजना मागे. निघताना सासूबाईंनी वळून विचारलं, “रंजू, तू चालवणार होतीस ना गं?” रंजना म्हणाली, “मला नाही जमत, आई. हेच बरे.” थोड्या वेळाने सासूबाई मला हळूच म्हणाल्या, तुम्ही समजून घेतलंत, जावईबापू. दुसरा असता तर बोलून बोलून जीव नकोसा केला असता. मी गिअर बदलला. बदलायची गरज नव्हती, गाडी खाकरली. विहारात त्या बराच वेळ डोळे मिटून बसल्या होत्या. रंजना त्यांच्याजवळ. मी मागे, चपलांपाशी.

सासूबाईंना जाऊन आता चार वर्षं झाली. लेकीने चालवलेल्या गाडीत त्या एकदाच बसल्या — त्या शनिवारी, क्वार्टर्सना मारलेली ती एक फेरी.

आणि मी? मी गोष्ट सांगत राहिलो. सुरुवातीला रंजना शेजारी बसून ओशाळं हसायची. मग ती स्वतःच तपशील पुरवायला लागली — टोपी नव्हे हो, मफलर होता. समीक्षा मोठी झाली आणि तिलाही पाठ झाली. आई आणि गाडी म्हटलं की घरात सगळे हसतात. आई पण हसते. मला सांगा, एखाद्या बाईला स्वतःवर हसायला शिकवायला किती वर्षं लागतात? मला फार लागली नाहीत.

का नाही सांगितलं, हे मी इथे लिहिणार नाही. तीन-चार कारणं लिहून पाहिली. वाचताना प्रत्येक कारण शहाण्या माणसाचं वाटलं, म्हणून खोडली.

मागच्या वर्षी रंजनाला पन्नास पूर्ण झाली आणि तिच्या लायसन्सची मुदत संपली. बारा वर्षांत ते पाकिटातून बाहेर आलं नव्हतं, पण होतं. वर्षाच्या आत नूतनीकरण केलं तर ठीक, नाहीतर सगळं पहिल्यापासून — शिकाऊ परवाना, परीक्षा. समीक्षा आता वीस वर्षांची आहे, गाडी चालवते, आईसारखी चालवते. ती मागे लागली, आई, मी फॉर्म भरते, तू फक्त सही कर, मी बसते ना तुझ्या शेजारी. रंजना कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचा हात थांबला. मला ते दिसलं — नको म्हणायच्या आधी ती जरा थांबली, आणि मग माझ्याकडे बघून तिने विचारलं, “अहो, करू का?”

तिला हवं होतं. बारा वर्षांनी पुन्हा हवं होतं. आणि ती चालवायला बसली असती तर पहिल्या वळणावर दिसलं असतं, की तिला येत होतं. तिला कायमच येत होतं. मग तो पोचा कुठून आला, हे कुणीतरी विचारलं असतं.

मी पेपर खाली ठेवला आणि म्हणालो, “चालवायची नाही तर कशाला धावपळ?”

“तेही खरंच,” ती म्हणाली, आणि पुढची घडी घातली.

समीक्षा आणखी दोनदा बोलली, मग तिच्या परीक्षा आल्या. वर्षाची मुदत गेल्या मंगळवारी संपली. सकाळी रंजनाने माझा डबा भरला, बसला उशीर होतोय म्हणून घाईने निघाली. मी गाडीने ऑफिसला गेलो. ती तारीख तिच्या लक्षात नव्हती. मला पाठ होती.